पत्त्यातला आकडा

चेन्नईहून समुद्रकाठाने दक्षिणेस निघाले की कोवलम हे कोळ्यांचे जुने गाव लागते. चेन्नई शहराचा पिनकोड ६०० ने सुरू होतो, कोवलमचा ६०३ ने. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. सारख्या नावांच्या आणि नाना लिप्यांच्या गोंधळात पत्राची वाट चुकू नये, हा तिचा हेतू.

पुढे या सरकारी आकड्यास अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. २००७ साली वेंकट प्रभू यांनी आपल्या तमिळ चित्रपटास ‘चेन्नई ६०००२८’ हेच नाव दिले. एका वस्तीतील क्रिकेटवेड्या मित्रांची ही कथा. तीत कोणी एकटा नायक नाही. नायक आहे तो संघ. २०१६ च्या दुसऱ्या भागात तेच मित्र संसारी झालेले दिसतात. एकाच्या लग्नासाठी ते दूर तेनीकडे जमतात आणि पुन्हा मैदानात उतरतात. गाव निराळे, पण चित्रपटाच्या नावात आकडा मात्र जुन्या वस्तीचाच राहतो.

आज चेन्नईची वस्ती कोवलमच्या दिशेने सरकत आहे. घर बदलले की माणूस नवा आकडा लिहू लागतो. टपालखात्याचे तेवढ्याने भागते. पण जुन्या आकड्यावरून हाक मारणारे कोणी उरले नाही, तर नव्या घरातही तो बेपत्ताच म्हणावयाचा.