युद्धाचा अंदाज आणि न मोजलेली माणसे

इराक युद्धाचा हिशेब तपासताना मी लॉरेन्स लिंडसे यांच्यापाशी थांबतो. अध्यक्ष बुश यांच्या या आर्थिक सल्लागाराने सप्टेंबर २००२ मध्ये १०० ते २०० अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज सांगितला. डिसेंबरात त्यांना पद सोडावे लागले. शासनाचा आकडा होता ५० ते ६० अब्ज! पुनर्बांधणीविषयी तर संरक्षण खात्याचे पॉल वुल्फोवित्झ मार्च २००३ मध्ये संसदीय समितीला सांगून मोकळे झाले, की इराक स्वतःच तो खर्च लवकर भागवू शकेल. म्हणजे घर पाडायचे यांनी आणि विटा-चुना घरमालकाचा! एप्रिलात अमेरिकेचा वाटा १.७ अब्ज सांगितला गेला. नोव्हेंबरात संसदेला १८ अब्जांहून अधिक मंजूर करावे लागले.

ही बेरजेतली चूक होती असे मी मानत नाही. खरा आकडा आधी कळला असता तर लोकांनी जाब विचारला असता. सत्ताधाऱ्यांना तेच नको होते.

जखमी सैनिकांचे जन्मभराचे उपचार, भत्ते, कर्जावरचे व्याज धरून स्टिग्लिट्झ आणि बिल्म्स यांनी २००८ मध्ये तीन हजार अब्जांचा हिशेब मांडला. तोही अमेरिकेपुरताच. इराकमधली मेलेली माणसे आणि पडलेली घरे त्यात धरलेली नाहीत.