अमर पेशींची गोष्ट

'विज्ञान माणसाला अमर करू शकेल का?' असं कुणी विचारलं की आपण उत्तर भविष्यकाळात शोधू लागतो. मला मात्र तो प्रश्न इतिहासातला वाटतो. विसाव्या शतकात या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'हो' असं देऊन झालं होतं, आणि जवळजवळ ५० वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी ते खरं मानलं होतं.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, १७ जानेवारी १९१२ रोजी. ॲलेक्सिस कॅरेल हे मूळचे फ्रान्समधले शल्यविशारद. रक्तवाहिन्या बारीक टाके घालून जोडण्याची रीत त्यांनी बसवली आणि प्रामुख्याने त्या कामाबद्दल त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या जानेवारीत त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या हृदयाचा इवलासा तुकडा काचपात्रात ठेवला. त्याला पोषक द्रव घालायचा, वाढला की कापून नव्या पात्रात ठेवायचा, असा क्रम सुरू झाला. पुढे ते काम त्यांचे सहकारी अल्बर्ट एबेलिंग यांनी सांभाळलं. वीस वर्षं झाली, कोंबडीचं आयुष्य केव्हाच उलटून गेलं, तरी या पेशी वाढतच होत्या. वर्तमानपत्रं त्यांच्या वाढदिवसाच्या बातम्या छापत. १९४४ मध्ये कॅरेल वारले, पण पेशी जिवंत होत्या. अखेर १९४६ मध्ये, ३४ वर्षांनी, प्रयोग मुद्दाम थांबवण्यात आला.

यावरून निष्कर्ष निघाला की पेशी मुळात अमर असते, मरण येतं ते देहाला. म्हणजे देहातला बिघाड शोधला की झालं! इतर प्रयोगशाळांत पेशी काही महिन्यांनी मरत. पण नोबेल विजेत्याच्या पेशी जगतात आणि आपल्या मरतात, तर आपलाच हात कच्चा, असं प्रत्येकजण समजून चाले.

हा समज मोडला लिओनार्ड हेफ्लिक या तिशीतल्या संशोधकानं. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये तो मानवी गर्भाच्या पेशी वाढवत असे. त्या जोमानं वाढत आणि मग थांबत. त्याच द्रवात, त्याच हातांनी वाढवलेल्या दुसऱ्या पेशी मात्र उत्तम चालत. हेफ्लिकनं हिशेब मांडला. थांबलेल्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होऊन गेलेल्या होत्या.

मग त्यानं आणि पॉल मूरहेड यांनी एक साधा, पण बिनतोड प्रयोग केला. पुष्कळ वेळा विभागून झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी एकाच पात्रात ठेवल्या. दोन्ही गुणसूत्रांवरून ओळखता येतात. दोष द्रवात किंवा एखाद्या विषाणूत असता तर दोन्ही मेल्या असत्या. काही काळानं पाहिलं, तर पात्रात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच होती. पुढे असंही दिसलं की पेशी गोठवून ठेवल्या आणि नंतर बाहेर काढल्या, तरी मोजणी जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते. हा निबंध पहिल्या नियतकालिकानं नाकारला. योग्य पोषण मिळालं तर पेशी अखंड वाढतात, हे ५० वर्षांपासून ठाऊक आहे, असा आक्षेप होता. शेवटी १९६१ मध्ये तो दुसरीकडे छापून आला.

मग कॅरेलच्या पेशींचं काय? तो प्रयोग पुन्हा कुणालाच जमला नाही. बहुधा पोषक द्रवात घातलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या अर्कातूनच ताज्या पेशी पात्रात जात होत्या. जुन्या मरत होत्या आणि नव्या भरती होत होत्या. हे नकळत झालं की जाणूनबुजून, यावर वाद आहे.

पेशी मोजते कशी? याची कल्पना मॉस्कोच्या अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांना भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर सुचली, असं ते सांगत. ती त्यांनी १९७१ मध्ये मांडली. गुणसूत्राची नक्कल होताना दर वेळी टोकाचा थोडा भाग सुटतो आणि टोकं झिजत जातात. ही टोकं म्हणजे टेलोमिअर. १९८४ मध्ये कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना ही झीज भरून काढणारं टेलोमरेज नावाचं एन्झाइम सापडलं. २००९ मध्ये त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल मिळालं. मग हेच एन्झाइम अंगभर चालू केलं तर? अडचण अशी की बहुतेक कर्करोगांच्या पेशी नेमकं हेच करतात. शिवाय मेंदू आणि हृदयाच्या बहुतेक पेशी विभागतच नाहीत, त्यांचं म्हातारपण वेगळ्याच वाटांनी येतं.

आपल्या कथांनी अश्वत्थाम्याला चिरंजीव केलं, पण जखमेसकट. विज्ञानाला सापडलेलं अमरत्वही तसंच निघालं. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होती. डॉक्टरांनी तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी काढल्या. त्याच वर्षी, पाच मुलांना मागे ठेवून, वयाच्या ३१व्या वर्षी ती गेली. 'हेला' नावानं तिच्या पेशी आजही जगभर वाढताहेत. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्यांचा उपयोग झाला. त्या पेशींचा व्यापारही झाला. त्याबद्दल तिच्या वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली ती थेट २०२३ मध्ये.

त्या १९५१ सालाच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. मुख्य कारण बालमृत्यू. आज ते ७०च्या घरात आहे. स्वच्छ पाणी, लशी, प्रतिजैविकं आणि सुरक्षित बाळंतपण यांनी हे घडवलं. आयुष्याची कमाल मर्यादा मात्र फारशी हललेली नाही. फ्रान्सच्या जान काल्मां १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये वारल्या, त्यांच्यापुढे कुणी गेल्याची नोंद नाही. विज्ञानानं कुंपण हलवलं नाही, कुंपणापर्यंत चालत जाणाऱ्यांची संख्या वाढवली.

उद्या कुंपणही हलेल का? 'कधीच नाही' असं मी म्हणणार नाही. पण कुणी 'हो' म्हणालं, तर हेफ्लिकसारखी मोजदाद करून पाहावी, एवढं हा इतिहास शिकवतो.

आणि आणखी एक. हेन्रिएटाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे झाला, त्याच्यावर आज लस आहे. २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशी लस बाजारात आली. तरीही या रोगानं आपल्या देशात दरवर्षी हजारो बायका दगावतात, त्यातल्या कितीतरी ऐन संसारात. अमर व्हायचं की नाही हे सावकाश ठरवू. घरातल्या मुलीला ही लस द्यायची की नाही, हे मात्र आजच ठरवता येतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)