घारगाव शिवारातला रविवार

शनिवार, 2 डिसेंबर 2023, सकाळी 9

संगमनेर सोडलं तेव्हा गाडीच्या काचांवर अजून दव होतं. आठवड्यापूर्वीच्या अवकाळीने आणि गारांनी पारनेर, अकोल्याकडची पिकं झोपवली होती, पण त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. बेत मित्राचा. शनिवारी पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव ऐकायचा आणि रविवारी परत फिरून पठारावर, आळंदीला निघालेल्या त्याच्या आत्याच्या दिंडीत मुक्काम करायचा. हरिपाठ, कीर्तन, पहाटेचा काकडा. दोन दिवसांत दोन उत्सव, आणि दोन्हींची वाट एकच, नाशिक-पुणे महामार्ग.

वीकेंडर 2010 साली पुण्यातच सुरू झाला. आळंदीची कार्तिकी वारी मात्र ज्ञानेश्वरांच्या समाधीची, म्हणजे 1296 सालची आठवण जागवणारी. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो तालुका याच जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, आजच्या अहिल्यानगरमध्ये. त्यामुळे कार्तिकात इथल्या माणसांचे पाय आळंदीकडे वळतात, त्यासाठी कुणी बोलावणं धाडावं लागत नाही. त्या वर्षी समाधी सोहळा 11 डिसेंबरला होता.

शनिवार, सकाळी 10

चंदनापुरी घाट चढून पठारावर आलो की रस्ता सरळ होतो आणि गाड्या सुटतात. डाव्या कडेला दिंड्या चालल्या होत्या. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये वीणा आणि पखवाज, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, सगळ्यांत शेवटी सामानाचं वाहन. आत्याची दिंडी विसाव्याला टेकलेली सापडली. पखवाजवाला धुमेवरची वाळलेली कणीक नखाने खरवडत होता. ओल्या कणकेचा नवा गोळा त्याने तळहाताने थापला, बोटाने वाजवून पाहिलं, चिमूटभर काढून घेतली, पुन्हा वाजवलं. घुमारा मनासारखा लागेपर्यंत त्याने चहाला हात लावला नाही. विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा तशीच होती. ती जमिनीवर टेकवायची नसते. त्याला पाणी प्यायचं होतं, तेव्हा दुसऱ्याने पुढे होऊन ती आपल्या गळ्यात घेतली.

मित्राने विचारलं, "आत्या, मागून गाडी आलेली कळते का गं?"

"भजनात कुठं कळतंय? शेवटच्या बायकांना वारा लागतो, तेवढंच."

मोठी गाडी वेगात जवळून गेली की हवेचा लोट पदर ओढतो, त्याबद्दल ती बोलत होती. पन्नास टाळ एका लयीत पडत असताना हॉर्न कानापर्यंत पोहोचत नाही. आणि डावीकडून चालायचं म्हणजे मागून येणाऱ्या वाहनांकडे पाठ करूनच चालायचं.

शनिवार, दुपार ते रात्र

पुण्यातला कार्यक्रम छान झाला. सगळं इथे सांगत बसत नाही. पण गर्दीची काळजी घेणारी माणसं जागोजागी उभी होती. आत यायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी, वाहनं लांब थोपवलेली. गाणं ऐकायला आलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे काय चाललंय याची चिंता नको, एवढी साधी गोष्ट तिथे पाळली होती. मी निर्धास्त ऐकत होतो.

रविवार, 3 डिसेंबर, सकाळी 11

परतीला मंचरला चहासाठी थांबलो. टपरीवरच्या टीव्हीवर मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगणची मतमोजणी चालू होती आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या होत्या. मित्र मात्र रस्त्याकडे पाहत होता. आळंदीकडे निघालेल्या दिंड्या आता समोरून येत होत्या.

त्याला 2019 चा दिवेघाट आठवला. 19 नोव्हेंबरला पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला, त्यात संत नामदेवांचे सतरावे वंशज सोपान महाराज नामदास गेले. 2021 च्या नोव्हेंबरात मावळात पिकअप दिंडीत शिरली आणि वारकरी महिलांचा जीव गेला. 31 ऑक्टोबर 2022 ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मोटार दिंडीत घुसली. करवीर तालुक्यातल्या जठारवाडीहून पंढरपूरला निघालेले सात वारकरी ठार.

हे सगळे अपघात कार्तिकी वारीच्या दिवसांतले. आषाढीला सरकार रस्त्यावर उतरतं. वाहतूक वळवली जाते, पोलीस पालखीबरोबर चालतात, पाण्याचे टँकर आणि दवाखाने मुक्कामावर आधी पोहोचतात. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गावर तर चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली गेली, त्याची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. ते झालंच पाहिजे होतं. पण कार्तिकीला वारी एका मोठ्या पालखीमागे जात नाही. गावागावांतून शे-दोनशे माणसांच्या छोट्या दिंड्या निघतात आणि मिळेल त्या रस्त्याने आळंदी गाठतात. लाखांच्या पालखीसाठी रस्ता रिकामा होतो आणि दीडशे माणसांची दिंडी कंटेनरच्या रांगेत चालते. भक्ती तीच, टाळ तेच, फक्त माणसं कमी.

रविवार, दुपारी 2

आळेफाटा. जेवण झालं. इथून पुढे बोटा, मग घारगाव, मग नांदूर खंदरमाळ. आत्याची दिंडी संध्याकाळी बोट्याला पोहोचायची होती, म्हणून आम्हाला घाई नव्हती.

नंतर पुष्कळदा मी मनाशी हिशेब मांडला. ताशी 80 किलोमीटरने येणारं वाहन एका सेकंदात 22 मीटर कापतं. चालती दिंडी एका सेकंदात जेमतेम एक मीटर पुढे सरकते. चालकाची नजर पाच सेकंद हलली तर शंभर मीटर संपले, आणि तेवढ्यात दिंडी पाच पावलं चाललेली असते. त्यात डिसेंबरातलं ऊन दुपारनंतर तिरपं होतं, आणि पुण्याकडे तोंड करून गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांवर येतं. त्या दुपारी घारगावजवळ दिंडीत घुसलेल्या कंटेनरच्या चालकाचं नेमकं काय झालं हे ठरवणं तपासाचं काम. मी रस्त्याबद्दल बोलतोय. हा रस्ता चारपदरी करताना वर्षानुवर्षं याच वाटेने चालत जाणारी माणसं कुणी हिशेबात धरलीच नाहीत.

रविवार, दुपार कलल्यावर

संगमनेर तालुक्यातल्या घारगाव शिवारात, शिर्डीच्या बाजूने आळंदीला निघालेल्या दिंडीत भरधाव कंटेनर घुसला. चार वारकरी मृत्युमुखी पडले, कितीतरी जखमी झाले.

आम्हाला हे फोनवरून कळलं. "घारगावजवळ दिंडीत गाडी घुसली", एवढंच. कोणती दिंडी, ते फोन करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मित्राने आत्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिचा फोन पिशवीत असतो, पिशवी सामानाच्या गाडीत असते आणि गाडी दिंडीच्या मागे, हे त्याला माहीत होतं, तरी तो लावत राहिला. त्या वेळी पठारावरच्या किती घरांतून असे फोन लागले असतील!

रविवार, संध्याकाळी 6

आत्याचाच फोन आला. "आम्ही बोट्यात टेकलोय. मागच्या दिंडीत झालंय म्हणतात. तू हळू ये."

बोट्यात पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. हरिपाठ झाला. कीर्तनकारांनी गेलेल्यांसाठी सगळ्यांना उभं केलं. नंतर दिंडीचालक, दोन-चार जाणती माणसं आणि मित्र दिव्याखाली बसून उद्याचं ठरवू लागले. मागण्या मोठ्या नव्हत्या. दिंडीमागे दिवे लावलेलं एक पोलीस वाहन असावं. कार्तिकीच्या आठ-दहा दिवसांत डावा पदर शंकू लावून चालणाऱ्यांना द्यावा. कुठली दिंडी कुठल्या तारखेला कुठून निघते याची यादी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आधीच असावी, कारण या दिंड्या दरवर्षी त्याच तिथीला, त्याच वाटेने आणि त्याच मुक्कामांवर जातात. अचानक आलेलं त्यात काहीच नाही.

"यादी मी लिहून देतो," मित्र म्हणाला. दिंडीचालकाने खिशातून मुक्कामांची छापील पत्रिका काढून त्याच्या हातात ठेवली.

सोमवार, पहाटे

काकडा आटोपून दिंडी निघाली. मित्राने गाडी सामानाच्या वाहनाच्याही मागे घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि पहिल्या गिअरमध्ये आळेफाट्याकडे चालवू लागला. मागच्या ट्रकांनी हॉर्न वाजवले, मग बाजू बदलून ते निघून गेले. तासाभराने आणखी एक दिंडी मागून चालत आली. तिच्या चोपदाराने काचेवर टकटक केली, "माउली, आम्हालाही पुढं घ्या," आणि ती सगळी माणसं गाडीला वळसा घालून पुढे जाऊन मिळाली.