फटफटीच्या तेलाचा हिशेब

वर्ध्यात एखाद्या पानठेल्यावर मोटारसायकल लावून उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "गाडी किती देते?" तो क्षणात सांगेल, "साठ देते." मग विचारा, "ऑइल किती खाते?" आता तो बुचकळ्यात पडतो. "सर्व्हिसिंगला बदलतो ना," असं काहीतरी म्हणतो. पेट्रोलचा हिशेब आपल्याला तोंडपाठ, इंजिनातल्या तेलाचं पान मात्र कोरं. हे नेहमीच असं नव्हतं. तेल आपल्या नजरेआड कसं गेलं, याचा छोटासा इतिहास आज सांगायचा आहे.

आपल्या भागात चाकाला तेल द्यायची सवय फटफटीच्या कितीतरी आधीची. बंडीच्या आसाला ओंगण, म्हणजे वंगण, दिल्याशिवाय शहाणा माणूस लांबच्या वाटेला लागत नसे. त्यासाठी एरंडेल वापरात होतं. विसर पडलाच तर चाक कुरकुरून स्वतःच तेल मागायचं. तेल डोळ्यांसमोर होतं आणि कानालाही कळत होतं.

तेलाचा आणि हिशेबाचा विचार वर्ध्यात एका मोठ्या प्रयोगाचा भाग झाला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीतून चालू लागलं. तिथं बैलघाणीत सुधारणा झाल्या आणि ती 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस, लंडनमध्ये शिकलेले. किती तेलबी घातली, किती तेल निघालं, पेंडीत किती राहिलं, हे मोजल्याशिवाय घाणी सुधारली की नाही हे ठरणार कसं? मोजमाप हाच त्या कामाचा पाया होता.

आता जरा देशाबाहेर जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकलींमध्ये इंजिनला तेल देण्याचं काम बहुधा स्वारालाच करावं लागे. टाकीजवळ एक छोटा हातपंप असे. काही मैल गेलं की तो दाबायचा, चढ लागला की जरा लवकर दाबायचा. इंजिनात गेलेलं तेल परत येत नसे. काही जळून जाई, काही रस्त्यावर ठिबके. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर मागे निळा धूर. त्या काळी इंजिनांनाही आपल्या बंडीचं एरंडेल चाले. इंग्लंडमधल्या वेकफिल्ड कंपनीने १९०९ मध्ये आपल्या नव्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिलं, तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून.

पुढे इंजिनच्या आत तेल फिरवणारे पंप आले. तेच तेल पुन्हा पुन्हा वापरात येऊ लागलं आणि स्वाराचा हात पंपावरून सुटला. आता तेल बघायचं तर झाकण उघडून मापाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढावी लागे. भारतात १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट या जातीची. जुन्या बुलेटचं तेल इंजिनच्याच एका कप्प्यात असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते झिरपून खाली क्रँकच्या बाजूला उतरतं. अशा वेळी पट्टी बुडवली की तेल कमी दिसतं, नवखा माणूस वरून आणखी ओततो आणि तेल जादा होतं. म्हणून जुने बुलेटवाले आधी इंजिन चालवून घेत आणि मगच पट्टी बघत.

साठच्या दशकात जावा आणि राजदूत आल्या. त्याच सुमारास बजाजच्या स्कूटरही देशात तयार होऊ लागल्या. या स्कूटरच्या गोष्टीची मुळं वर्ध्यात आहेत. जमनालाल बजाज ज्यांच्या घरी दत्तक आले, ते वर्ध्याचे शेठ बच्छराज. त्यांच्याच नावाने १९४५ मध्ये 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' निघालं. १९४८ पासून या कंपनीने स्कूटर आणि तीनचाकी परदेशातून आणून विकल्या, आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. १९७२ मध्ये आलेली 'चेतक' तर मध्यमवर्गीय घरातली माणसासारखी झाली.

या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांच्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळायचं. जुन्या गाड्यांना लिटरमागे ४०-५० मिली, नंतरच्या काहींना २० मिली. पंपावर पेट्रोलबरोबर तेलाचं माप ओतून घ्यायचं आणि नीट मिसळावं म्हणून गाडी दोन्ही हातांनी हलवायची. धूर व्हायचा, प्लग काळा पडायचा, पण एक गोष्ट चांगली होती. दर वेळी टाकी भरताना तेलाची आठवण होत असे, आणि तेलाचा खर्च पेट्रोलबरोबरच खिशातून जात असे.

१९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. ती होती पेट्रोलबद्दल. आपण मात्र तीच गोष्ट तेलालाही लावली. कारण तेल आता पेट्रोलमध्ये नव्हतं, ते इंजिनच्या पोटात गेलं होतं. जेमतेम लिटरभर तेल, पण इंजिनचं सगळं आयुष्य त्यावर.

याचा धडा मला महागात मिळाला. मे महिना होता. आर्वीहून वर्ध्याला येताना खरांगण्याच्या अलीकडे माझी शंभर सीसी गाडी एकदम जड झाली आणि मागचं चाक आवळल्यासारखं थांबलं. टाकीत पेट्रोल भरपूर होतं. महिनाभर कधी धूर दिसला नव्हता, खाली कधी थेंब पडला नव्हता. टेम्पोत टाकून गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने पट्टी काढली, टोकाकडे पाहिलं आणि मला दाखवली. कोरडी ठाक. "साहेब, हिने मागितलं असेल, तुम्हाला ऐकू आलं नाही," एवढंच तो म्हणाला. पिस्टन, बोअर, रिंगा, सगळं नवं करावं लागलं. माझा पगार होता म्हणून निभावलं. पण त्याच दिवशी शेजारी एका दूधवाल्याची गाडी तशीच खोलून ठेवली होती आणि तो सायकलवर कॅन बांधत होता. गाडी बंद म्हणजे त्याचा रतीब बंद.

म्हणून पट्टी बघायची रीत नीट सांगतो. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांना ती लागू पडते, तरी आपल्या गाडीची पुस्तिका एकदा चाळावी. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावायची. साइड स्टँडवर ती कलते आणि माप चुकतं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करायचं. तेल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्यायची. पट्टी काढून पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि परत काढून पाहायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पलीकडेही नको. जादा तेलाला फेस येतो आणि ते एअर फिल्टरकडे ढकललं जातं.

पण पट्टी फक्त आजचं सांगते. गाडी तेल खाते का, हे कळायला वही लागते. तारीख, किलोमीटर आणि किती मिली तेल घातलं, एवढ्या तीन नोंदी. समजा, पूर्वी २००० किलोमीटरला १०० मिली लागत होतं आणि आता तेवढंच ७०० किलोमीटरला लागतंय. गाडी तीच, रस्ता तोच, मग आत काहीतरी झिजलंय. सकाळी चालू करताना क्षणभर निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्हचे सील पाहावेत. जोर दिल्यावर येत असेल तर बहुधा रिंगा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. न घालता पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल आत उतरतंय. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर फाटला की सरळ रिंगांपर्यंत जाते, हेही लक्षात ठेवावं. वेळेत कळलं तर सील किंवा रिंगांवर भागतं, उशीर झाला तर सगळं इंजिन.

विजेवर चालणारी नवी चेतक २०२० पासून रस्त्यावर आहे. तिला इंजिन नाही, त्यामुळे ही पट्टीही नाही. उद्या कदाचित हा सगळा हिशेबच इतिहासजमा होईल. पण आज सेलू, देवळी, समुद्रपूरच्या शेतरस्त्यांवर दूध, भाजी आणि खताची पोती वाहणाऱ्या हजारो गाड्यांच्या पोटात तेच लिटरभर तेल आहे. बंडीचं चाक कुरकुरून तेल मागायचं. ही इंजिनं मागत नाहीत, एकदम थांबतात. मगनवाडीच्या गावात राहणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं? जे मोजलं जातं, तेच सांभाळलं जातं. आज घरी गेल्यावर पट्टी एकदा पाहा, आणि सीटखाली एक छोटी वही ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)