रखमाबाईंचे बाबा

मुलीच्या आत्मविश्वासात बापाचा वाटा किती, असा विषय निघाला की मला हमखास डॉ. सखाराम अर्जुन आठवतात. आता तुम्ही म्हणाल, हे कोण? तर रखमाबाईंचे बाबा. सख्खे नव्हेत, सावत्र!

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत ह्याला मुभा होती. हा माणूस डॉक्टर, शिवाय वनस्पतींचा अभ्यासक. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोनच भारतीय होते, त्यातले हे एक.

असा माणूस घरात असूनही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालंच. म्हणजे बाबा काही काळाच्या फार पुढे नव्हते. पण मुलगी वयात आली म्हणून लगेच तिला संसाराला जुंपायला मात्र त्यांनी ठाम विरोध केला. ती माहेरीच राहिली, घरीच पुस्तकं वाचून शिकली. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आपल्या शरीराला, मनाला काही किंमत आहे, हे तिला कुणी व्याख्यान देऊन शिकवायची गरजच नव्हती. घरात ते दिसत होतं.

१८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी न्या. पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण अपील झालं, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सुनावलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. टिळकांचा 'केसरी' विरोधात, आणि पाठीशी उभे राहणारे बाबा नाहीत. तरी ह्या बाविशीतल्या मुलीने कैद पत्करायची तयारी दाखवली!

शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. बाबांचाच पेशा! पुढे सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

सगळं श्रेय बापाला दिलं तर तो रखमाबाईंवर अन्याय होईल. पण मला वाटतं, बाप पाठीशी असताना मुलगी 'नाही' म्हणते ह्यात नवल नाही. तो गेल्यावरही ती 'नाही' म्हणू शकते, तेव्हा समजावं की बापाचं काम नीट झालंय.