नियम आणि रूप : ‘स्ट्रीट फायटर टू’ या द्वंद्वखेळातील पात्ररचना

१

बुद्धिबळाच्या पटावरील उंट तिरका का चालतो, या प्रश्नाचे उत्तर उंटाच्या रूपात सापडत नाही. त्याच सोंगटीला इंग्रजीत ‘बिशप’ म्हणजे धर्मगुरू म्हणतात आणि तोही तिरकाच चालतो. नाव व आकार बदलला तरी खेळ बदलत नाही, कारण तेथे रूप आणि नियम यांचा संबंध केवळ संकेताचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये आकाराला आलेल्या द्वंद्वखेळ या व्हिडिओ गेमच्या प्रकारात मात्र हा संबंध निराळ्या स्वरूपाचा असल्याचे आढळते. येथे पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या प्राणशक्तीची पट्टी वर दाखविलेली असते. ठराविक अवधीत ज्याची पट्टी आधी संपेल तो हरतो. योद्धा काय करू शकतो, हे खेळणाऱ्याला त्याच्या शरीरावरून ओळखावे लागते. रूप हाच येथे नियमाचा पहिला परिचय होय.

या संबंधाचा निर्णायक टप्पा म्हणजे ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने १९९१ साली प्रसिद्ध केलेला ‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ. त्यातील पात्ररचना कोणत्या गरजेतून घडली, त्या गरजेने निरनिराळ्या देशांच्या, विशेषतः भारताच्या, प्रतिमेचे काय केले आणि खेळाच्या नियमांनी त्या प्रतिमेत काही फरक पाडला किंवा कसे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

द्वंद्वखेळाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९८४ साली टेक्नोस जपान या संस्थेने निर्माण केलेल्या ‘कराटे चॅम्प’ या खेळात दोन प्रतिस्पर्धी होते. परंतु त्यांच्यात भेद होता तो केवळ पोशाखाच्या रंगाचा. एकाचा पोशाख पांढरा, दुसऱ्याचा तांबडा. बाकी सारे समान. प्रत्येकी दोन जॉयस्टिक वापरून डावपेच करावयाचे, अशी त्याची रीत होती. याच सुमारास कोनामी कंपनीच्या ‘यी आर कुंग-फू’ या खेळात प्रतिस्पर्धी वेगवेगळे आणि त्यांची शस्त्रेही वेगवेगळी आली. तथापि खेळणाऱ्याच्या वाट्याला येणारा योद्धा मात्र नेहमी एकच असे. अर्थात विविधता ही पाहण्याची व तोंड देण्याची वस्तू होती, निवडण्याची नव्हे.

१९८७ सालच्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्येही स्थिती फारशी बदलली नाही. ताकाशी निशियामा व हिरोशी मात्सुमोतो यांच्या या खेळात पाच देशांतील प्रत्येकी दोन असे दहा प्रतिस्पर्धी होते. पण खेळणाऱ्यास मिळे तो र्‍यू. दुसरा माणूस खेळावयास आला तर त्याला केन मिळे, आणि केन हा गुणांनी र्‍यूचीच प्रतिकृती होता. या खेळाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. पहिली म्हणजे जॉयस्टिकच्या विशिष्ट हालचालीने साधणारे गुप्त डाव. दुसरी म्हणजे आघाताच्या जोराची कल्पना. आरंभीच्या यंत्रात ठोशासाठी एक व लाथेसाठी एक अशा दाबसंवेदी गाद्या होत्या. त्यांवर जितक्या जोराने हात मारावा तितका आघात मोठा होई. पुढे त्यांच्या जागी सहा बटणे आली : हलका, मध्यम व जोरकस असे तीन ठोसे आणि तशाच तीन लाथा. शरीराच्या श्रमाचे मोजमाप अशा रीतीने बटणाच्या निवडीत रूपांतरित झाले. निशियामा व मात्सुमोतो यांनी त्यानंतर कॅपकॉम सोडले व ते एस. एन. के. या स्पर्धक कंपनीत गेले. दुसरा भाग योशिकी ओकामोतो यांच्या देखरेखीखाली अकिरा निशितानी आणि चित्रकार अकिरा यासुदा यांच्या हातून घडला.

३

दुसऱ्या भागात निवडीसाठी आठ योद्धे ठेवण्यात आले, आणि येथेच रचनेचा खरा प्रश्न उद्भवला. आठांनाही जॉयस्टिक एकच आणि बटणे तीच सहा. तरीही प्रत्येकाचा खेळ स्वतंत्र व्हावयास हवा होता. शिवाय हा खेळ आर्केडमधला, म्हणजे नाणे टाकून खेळावयाचा. नाणे टाकणाऱ्याजवळ नियमांचे पुस्तक नसते आणि निवड करण्यास त्याला काही सेकंदच मिळतात. त्यामुळे योद्ध्याचे शरीर पाहताच त्याचा स्वभाव, वेग व पल्ला उमगणे अपरिहार्य होते. कोकणातील दशावतारात संकासुर रंगमंचावर येताच त्याच्या वेषावरून तो ओळखला जातो. तशीच ही निकड होती, फरक इतकाच की येथे प्रेक्षकालाच ते सोंग वठवावयाचे होते.

ही निकड कशी भागविली गेली, हे काही पात्रांवरून दिसून येते. झांगिएफ हा सोव्हिएत मल्ल देहाने प्रचंड आहे. तो दूरवर काही फेकू शकत नाही, परंतु प्रतिस्पर्ध्याला मिठीत घेऊन उंच उडी मारतो आणि त्याला जमिनीवर आपटतो. हा डाव साधण्यासाठी जॉयस्टिक पूर्ण गोल फिरवावी लागते. म्हणजे खेळणाऱ्याच्या मनगटालाही मल्लाची घुमरी घ्यावी लागते. गाईल हा अमेरिकन सैनिक. त्याचे डाव जॉयस्टिक काही काळ मागे किंवा खाली दाबून धरल्यावर मगच सुटतात, आणि त्यामुळे त्याची वृत्ती आपोआप दबा धरून बसणाऱ्या पहारेकऱ्याची होते. सुमो मल्ल होंडा याच्या तळहातांचा वर्षाव एकच बटण भराभर दाबल्याने होतो. म्हणजे रूप, नियम आणि खेळणाऱ्याच्या हाताची हालचाल या तिन्ही गोष्टी एका सूत्रात ओवल्या गेल्या. या खेळाची मौलिकता प्रामुख्याने येथे आहे.

नाव मात्र या सूत्राबाहेर राहिले, आणि याचे चांगले उदाहरण त्याच खेळात मिळते. आठ योद्ध्यांनंतर भेटणाऱ्या चार प्रमुख प्रतिस्पर्ध्यांपैकी मुष्टियोद्ध्याचे जपानी आवृत्तीतील नाव एम. बायसन असे होते. ते माइक टायसन या प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याच्या नावाशी फारच मिळतेजुळते असल्याने कायद्याचा प्रश्न उपस्थित होण्याची भीती होती. म्हणून परदेशी आवृत्तीत तिघा पात्रांची नावे आपसांत फिरविण्यात आली : मुष्टियोद्धा बालरॉग झाला, नखेधारी स्पॅनिश योद्धा व्हेगा झाला आणि हुकूमशहा एम. बायसन झाला. खेळात यामुळे तसूभरही फरक पडला नाही. नाव बदलता आले. परंतु मुष्टियोद्ध्याला लाथा देता आल्या नसत्या.

४

रूप पाहताक्षणी समजावे, या गरजेची दुसरी बाजू आता पाहावयास हवी. क्षणात ओळखू येते ते परिचित असते, आणि परकीय देशाविषयी परिचित असते ते बहुधा रूढ साचेच असतात. आठ योद्धे जपान, अमेरिका, चीन, ब्राझील, सोव्हिएत संघ व भारत या सहा देशांत वाटलेले होते. ब्राझीलच्या वाट्याला अंगातून वीज सोडणारा हिरवा वनमानव ब्लँका आला. झांगिएफच्या विजयानंतर गोर्बाचेव्ह यांच्यासारखा दिसणारा एक नेता येऊन त्याच्याबरोबर नाचतो. हा खेळ निघाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. पण लाल लंगोटातला मल्ल मात्र पुढील सर्व आवृत्त्यांतून तसाच लढत राहिला. साच्याचे आयुष्य राज्यापेक्षा मोठे ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

भारताचा प्रतिनिधी धालसिम हा योगी आहे. कृश देह, मुंडित मस्तक, चेहऱ्यावर रंगाचे पट्टे आणि गळ्यात कवट्यांची माळ, असे त्याचे १९९१ सालचे रूप. त्याच्या रंगस्थळी हत्ती ओळीने उभे आहेत. त्याचे हातपाय पडद्याच्या निम्म्याहून अधिक अंतरापर्यंत लांबतात आणि तो मुखातून अग्नी सोडतो. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींचे विवेचन आहे, आणि त्यांपैकी ‘प्राप्ती’ या सिद्धीचे स्पष्टीकरण करताना व्यासभाष्याने बोटाच्या अग्राने चंद्राला स्पर्श करण्याचे उदाहरण दिले आहे. लांबणाऱ्या हातांचा संबंध या परंपरेशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि कल्पनेतील साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे. याहून पुष्कळ नजीकचा दुवा म्हणजे जिमी वाँग यू यांचा १९७६ सालचा ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ हा कुंग-फू चित्रपट. त्यात हात लांबविणारा एक भारतीय योगी स्पर्धेत उतरतो. तेव्हा धालसिमची वंशावळ शोधावयाची ती भारतीय योगग्रंथांत नव्हे, तर पूर्व आशियातील लोकप्रिय चित्रपटांनी रचलेल्या भारतात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

कवट्यांविषयी खेळाच्या कथेत एक खुलासा आहे. त्या धालसिमच्या गावात रोगाच्या साथीने मरण पावलेल्या मुलांच्या असून, गावासाठी द्रव्य मिळवावे म्हणून हा शांतताप्रिय योगी नाइलाजाने लढतो. खुलासा सहानुभूतीचा आहे खरा. परंतु त्याने साच्याचे निराकरण होत नाही. भयानक योग्याच्या साच्यावर दरिद्री व रोगग्रस्त गावाचा दुसरा साचा तेवढा चढतो.

५

येथवरच्या विवेचनावरून हा खेळ म्हणजे राष्ट्रीय व्यंगचित्रांचा संग्रह होय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा ठरेल; कारण द्वंद्वखेळात रूपाइतकेच समतोलाचेही बंधन असते. कोणताही योद्धा निवडला तरी जिंकण्याची वाजवी संधी राहिली पाहिजे. अन्यथा आठ योद्धे देण्यात अर्थ नाही. या बंधनाची कसोटी चुन-ली या चिनी स्त्री-पात्राच्या वेळी लागली. स्त्री शरीराने दुर्बल असते, म्हणून तिची प्राणशक्तीची पट्टी इतरांपेक्षा आखूड असावी, असे आपल्याला वाटत होते. पण निशितानी यांनी ते मान्य केले नाही, अशी आठवण ओकामोतो यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितली आहे. हा प्रसंग लहान असला तरी महत्त्वाचा आहे. समजूत चित्रापुरती राहणे आणि ती नियमात शिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पट्टी आखूड झाली असती, तर चुन-ली निवडणाऱ्या प्रत्येकाला तो पूर्वग्रह दर डावाला हार म्हणून मोजावा लागला असता.

धालसिमच्या बाबतीत समतोलाने वेगळे कार्य केले. लांब हाताला किंमत द्यावी लागते ती अशी की, लांबविलेला अवयव हाही मार खाणारा भाग असतो. शिवाय तो चालतो संथ आणि उडी मारली तर तरंगत खाली येतो. यामुळे त्याला खेळविणाऱ्यास प्रतिपक्षी पुढे काय करील याचा अंदाज आधीच बांधावा लागतो आणि त्याला विशिष्ट अंतरावर थोपवून धरावे लागते. मिठीवर अवलंबून असलेल्या झांगिएफला तर त्याच्यापर्यंत पोहोचणेच दुष्कर होते. १९९२ अखेरच्या ‘हायपर फायटिंग’ आवृत्तीत अंतर्धान पावून दुसरीकडे प्रकट होण्याचा डाव त्याला मिळाला आणि अंतराचा हा खेळ अधिकच सूक्ष्म झाला. त्यामुळे जाणत्या खेळाडूंच्या दृष्टीने धालसिम म्हणजे संयम, दूरदृष्टी आणि अंतरावरील प्रभुत्व. रूपाने जो विक्षिप्त, तो नियमाने विचारवंत ठरतो.

नियमांचे हे वाचन रचनाकारांच्या हेतूपुरते मर्यादित राहिले नाही, याचा पुरावा ‘कॉम्बो’च्या इतिहासात आहे. मोटार फोडण्याच्या अवांतर फेरीची तपासणी करीत असता, एका आघातामागोमाग दुसरा आघात मध्ये उसंत न देता बसू शकतो, हे नोरिताका फुनामिझु यांच्या ध्यानी आले. ते सहजासहजी कोणाला साधणार नाही अशा समजुतीने तसेच राहू देण्यात आले. खेळाडूंनी मात्र ते हेरले आणि घोटून घोटून त्याचे शास्त्र बनविले. १९९३ सालच्या ‘सुपर’ आवृत्तीने सलग आघातांची संख्या पडद्यावर दाखवून त्याला अधिकृत मान्यता दिली. तसेच १९९१ साली दोघांना एकच योद्धा घेता येत नसे. १९९२ सालच्या ‘चॅम्पियन एडिशन’ने ती मुभा दिली, आणि चार प्रमुख प्रतिस्पर्धीही निवडीसाठी खुले केले.

६

या सूत्राचे महत्त्व समकालीन खेळांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. शिकागोच्या मिडवे कंपनीतील एड बून व जॉन टोबायस यांच्या १९९२ सालच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये खऱ्या नटांची छायाचित्रे वापरण्यात आली. रूप अधिक वास्तव झाले. पण साधे ठोसे व लाथा बव्हंशी सर्वांच्या सारख्याच राहिल्या आणि वेगळेपण विशेष डावांवर सोपविले गेले. सेगाच्या १९९३ सालच्या ‘व्हर्चुआ फायटर’मध्ये ठोसा, लाथ व बचाव अशी तीनच बटणे होती. नामकोच्या १९९४ सालच्या ‘टेक्केन’ने चार बटणे दोन हात व दोन पाय यांना वाटून दिली. प्रत्येकाने शरीर व बटण यांचे नाते नव्याने मांडले. तथापि शरीरावरून नियम कळावा हे तत्त्व कोणीही सोडले नाही. केवळ सुपर निन्टेन्डो या घरगुती यंत्रासाठी काढलेल्या ‘स्ट्रीट फायटर टू’च्या सुमारे ६३ लाख प्रती खपल्या. यावरून तत्त्वाबरोबर साचेही किती घरांत पोहोचले असतील, याची कल्पना येते.

धालसिमचे रूप पुढे बदलले. २०१६ सालच्या पाचव्या भागात त्याला दाढी व फेटा मिळाला. २०२३ सालच्या सहाव्या भागातही ते कायम आहेत. तो आता मायावी कापालिकापेक्षा वयोवृद्ध गुरू दिसतो. परंतु हातपाय पूर्वीइतकेच लांबतात, कारण तो त्याचा नियम आहे; आणि नियम काढला तर गेल्या तीस वर्षांत खेळाडूंनी ओळखलेला धालसिम उरणार नाही. साचा जेव्हा नियमात मुरतो तेव्हा तो केवळ चित्र बदलून पुसता येत नाही.

सारांश, द्वंद्वखेळाने आठ योद्ध्यांना पटावर समान संधी दिली आणि ती प्रामाणिकपणे राखली. रूपाच्या बाबतीत मात्र तशी समानता नव्हती. र्‍यू हा जपानी तरुण साधा पांढरा पोशाख घालून केवळ योद्धा म्हणून उभा राहू शकला. भारतीयाला योगी झाल्यावाचून पडद्यावर प्रवेश नव्हता. आगामी खेळांची जाहिरात आज एकेका पात्राचे चलच्चित्र प्रसिद्ध करून होते, आणि जाणते खेळाडू त्या काही क्षणांच्या दृश्यावरून नव्या योद्ध्याचे नियम ताडू लागतात. अशा दृश्याची चिकित्सा करताना तो योद्धा काय करू शकतो, हे विचारणे योग्यच आहे. परंतु ते त्यानेच का करावे असे रचनाकाराला वाटले, हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय ती चिकित्सा पुरी होत नाही.