शारदेचं लग्न आणि धर्माचा सवाल

बचत गटाच्या बैठकीत नाटकाचं काय काम, असं कोणी म्हणेल. पण सव्वाशे वर्षांमागच्या एका नाटकाचा सवाल आजही आपल्या उंबऱ्याशी उभा आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. तोवर संगीत नाटकांत बहुधा पुराणातले देव आणि राजे दिसायचे. देवलांनी साध्या घरातली मुलगी उभी केली. तेव्हा स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करायचे, पण दुःख बाईचंच होतं.

कांचनभट पैशाच्या लोभाने कोवळ्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो. आई इंदिराकाकूला हे मान्य नाही, पण घरात तिचं चालत नाही. मधे दलाली करतो भद्रेश्वर दीक्षित. व्यवहार विक्रीचा आणि नाव कन्यादानाचं! पैसे घेतले तर ते दान कसलं?

पुढे लग्न मोडतं, पण मुलगी लहान आहे म्हणून नाही. वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून. आता आपलं कसं होणार, म्हणून शारदा जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिचा हात धरतो. धर्माच्या नावाने तिला विकायला काढलं, आणि धर्माच्याच आधाराने ती सुटली. मग आम्हाला प्रश्न पडतो, गोत्र वेगळं असतं तर? तिच्या मनाला कोणी विचारलं असतं का?

ते विचारणं नशिबावर सोडून चालत नाही, त्याला कायदा लागतो. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला गेला. 'सारडा' आणि 'शारदा' सारखेच ऐकू येतात, म्हणून नाटकावरूनच हे नाव पडलं असं अनेकांना वाटतं. तेव्हा मुलीचं वय १४ ठरलं. आज मुलीचं १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं.

आज भुजंगनाथ लागत नाही. कापूस बुडाला, कर्ज चढलं, स्थळ चालून आलं, लहान पोरीला हुंडा कमी, एका मांडवात दोघींचं उरकू, असं म्हणत लग्न ठरतं. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेची ओटी भरायची, कुमारिकेचे पाय धुवायचे आणि त्याच वयाच्या पोरीला बोहल्यावर चढवायचं, ही कसली भक्ती?

म्हणून पांढरकवड्याच्या आम्ही बाया सांगतो, गटात कोणी लग्नासाठी कर्ज मागितलं, तर रक्कम ठरवण्याआधी मुलीच्या शाळेचा दाखला पाहा. वय कमी असेल तर आईला एकटी पाडू नका, चार जणी मिळून घरी जा. तरी ऐकलं नाही, तर ग्रामसेवकाला सांगा किंवा १०९८ वर फोन करा. इंदिराकाकूच्या पाठीशी गट नव्हता. आपल्या पाठीशी आहे.